पाण्याकडून आलेलं ताट

माबेला, मस्कत
१० नोव्हेंबर २०२४

ती. आतेस,
स्वरूपचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र सुट्टीवर निघालेल्या जितेशबरोबर पाठवतो आहे. पिशवीत खजूर आहेत आणि तुझ्या गुडघ्यांसाठी मलम. मलम रोज लावायचं असतं, देवापुढे ठेवायचं नसतं. तुझे कान गेल्यापासून फोनवर बोलायचं म्हणजे आधी सगळ्या वाडीला ऐकवायचं, म्हणून पत्रच बरं. शिवाय बालवाडीच्या बाईंना लिहायचं म्हटलं की शुद्धलेखन सांभाळावं लागतं, तेवढंच माझं मराठी जागेवर राहतं.

माझं काम आता अंगवळणी पडलंय. सकाळी बोट धुवायची, बर्फ भरायचा, पाहुणे आले की चपला टोपलीत ठेवून घ्यायच्या. अख्खी बोट एका दिवसासाठी भाड्याने घेणारी माणसं असतात. कप्तान अम्मार इथलाच, सूरचा. तो सुकाणू धरतो आणि बाकी सगळं मी. मस्कतच्या बंदरासमोर दोन किल्ले आहेत, मिरानी आणि जलाली, पोर्तुगिजांच्या वेळचे. कड्यांवर जुन्या जहाजांच्या खलाशांनी आपापल्या जहाजांची नावं रंगवून ठेवलीत. अम्मार पाहुण्यांना ते सगळं दाखवतो. मला दर वेळी आपला विजयदुर्ग आठवतो. मग दक्षिणेला डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि मध्ये मध्ये वाळूचे छोटे तुकडे लागतात, जिथे रस्ता नाही. अशाच एखाद्या ठिकाणी थांबून आम्ही जेवण वाढतो.

मागच्या शुक्रवारी एक गोष्ट झाली. दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच सांगतो. कानावर म्हणजे डोळ्यांवर.

अल खौदला विद्यापीठात शिकवणारे धनंजय सर, त्यांची बायको सोनलताई, त्यांची छोटी पूर्वा आणि दोन पाहुणे असे आले होते. जेवण झाल्यावर निघताना माणसं मोजायची असा आमच्याकडे नियम आहे. पण तुला माहीत आहे, आपल्याकडे होडीवरची माणसं मोजत नाहीत. आतोबांनी मला लहानपणीच शिकवलं, माणसं मोजली तर दर्याही मोजतो, आपण ताटं मोजायची. मी तेच करतो. पाहुणे वाळूवरून बोटीत चढताना आपलं स्टीलचं ताट माझ्या हातात देतात, मी खाली बघून ताटावर ताट रचतो आणि आवाज मोजतो. आतोबा वाढायचे तसं दर्याचं एक ताट मी बाजूला दगडावर वाढतो. ते मोजणीत धरत नाही, शेवटी जाऊन उचलून आणतो.

त्या दिवशी ताटं बरोबर भरली. मी अम्मारला अंगठा दाखवला. "यल्ला," तो म्हणाला आणि आम्ही निघालो. दर्याचं ताट दगडावरच राहिलंय हे मला खाडीच्या तोंडाशी आठवलं, आणि त्याच वेळी सोनलताई केबिनमधून बाहेर येऊन म्हणाल्या, "पूर्वा पुढे आहे ना तुमच्याजवळ?"

आम्ही बोट अशी वळवली की बर्फाची पेटी पाण्यात गेली. पोरगी वाळूवर बसली होती, दर्याच्या ताटाशेजारी. रडत नव्हती. तिचं ताट तिच्या आईने आपल्या ताटाबरोबर दिलं असणार, म्हणून मोजणी चुकली, असं मी अर्बाबला, बोटीच्या मालकाला, सांगितलं. त्याने शेवटची ताकीद दिली आहे. पुन्हा असं झालं तर खलास, सरळ घरी.

दुसरं, शिवांगीच्या बाबांनी परत विचारलंय. माझे बाबा जाऊन एवढी वर्षं झाली, पण त्यांचं कार्य झालेलं नाही, आणि ते झाल्याशिवाय ते लग्नाची बोलणी करणार नाहीत. देह मिळाला नसला तरी पळसाच्या पानांचा माणूस करून अग्नी देता येतो असं भटजी म्हणतात. मी दर वर्षी विचारतो आणि तू दर वर्षी गुडघ्यांवर बोलतेस. या वेळी हो म्हण.

तुझा,
स्वरूप


विजयदुर्ग
२ डिसेंबर २०२४

चि. स्वरूप यास आतेचे पुष्कळ आशीर्वाद.

खजूर पोचले. मलम लावते. 'साष्टांग' तू बरोबर लिहिलंस, पण मला दिसलं ते तुझं अक्षर. शेवटच्या पानावर ते कापतंय. घाबरला असशील. पोर सुखरूप मिळाली यातच सगळं आलं. त्या आईच्या जिवाचं काय झालं असेल या विचाराने मला रात्री झोप नाही.

आता नीट ऐक. तिथे दुसऱ्यांच्या देशात, दुसऱ्यांच्या बोटीवर आपले रिवाज चालवायचे नाहीत. नियम माणसं मोजायचा आहे ना, मग माणसं मोज. बोट दाखवून मोज, नावं घेऊन मोज. दर्याचं ताटही वाढू नकोस. दर्याला तिथे वाढणारे पुष्कळ असतील. आणि त्या अम्मारला सांग, काही झालं तरी पुन्हा त्या दोन शिंगांच्या सुळक्याखाली नांगर टाकायचा नाही. किनारा मोठा आहे, दुसरी जागा मिळेल.

शिवांगीच्या वडिलांना मीच जाऊन भेटेन. ज्याची वाट बघतो त्याचं कार्य करत नाहीत, एवढंच मला कळतं. यावर मला अजून काही विचारू नकोस.

अंगणातला फणस या वर्षी धरेल असं वाटतंय. दाराला नवी कडी बसवली.

एक विचारायचं होतं. ती पोर नंतर काही बोलली का?

तुझी आते,
कलावती


माबेला
२० डिसेंबर २०२४

ती. आतेस नमस्कार.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. खोलीतले म्हणाले, प्रेमपत्र आहे का रे.

आते, मी तुला सुळक्याचं लिहिलंच नव्हतं. त्या खाडीचं नावसुद्धा लिहिलं नव्हतं, कारण मला ते माहीत नाही. पण तिथे सुळका आहे आणि त्याला दोन शिंगं आहेत. विजयदुर्गला अंगणात बसून तुला ते कसं दिसलं?

मी सुट्टीच्या दिवशी रुवीला गेलो होतो, कासमचाचांकडे. ते मुरूडचे. तरुणपणी लाकडी गलबतांवर खेपा केल्या, आता बोटीच्या इंजिनांचे सुटे भाग विकतात. मी विचारलं, दर्याचं ताट तुमच्याकडे कधी वाढतात? ते हसले. म्हणाले, "बाबा, आमी नारल बघितला, फुलं बघितली, चिराग सोडताना बघितला. जेवणाचा ताट दर्याला वाढलेला मी खय बघितला नाय. तुमचे विजयदुर्गवाले माझ्याबरोबर होते, त्यांचापन नाय." माणसं न मोजण्याचं त्यांना ठाऊक होतं. ताटाचं नाही. मग तो रिवाज कोणाचा? आपल्या एकट्या घराचा?

आता तुला खरं सांगतो, कारण पहिल्या पत्रात मी ते गाळलं होतं. तू विचारलंस म्हणून कळलं की तुला गाळलेलंच हवं आहे.

पूर्वा बोलली. तिचं मराठी अडखळत असतं, घरात आईशी बोलते तेवढंच. तिला उचलून बोटीत घेताना मी विचारलं, तू चढली का नाहीस? तर म्हणाली, "एक अंकल होते. ते म्हणाले, तू हय बस, ताट मी दितंय." मग मला विचारलं, "हय म्हणजे काय?" मी तिला सांगितलं, इथे. आते, त्या बोटीवर आपली बोली बोलणारा मी एकटाच होतो आणि मी तर ताटं रचत होतो. सोनलताईंनी शपथेवर सांगितलं की त्यांनी फक्त आपलं ताट दिलं.

दुसरंही सांगतो. सगळे पुढून, वाळूकडून चढले. पण एक ताट माझ्या हातात मागून आलं होतं, शिडीकडून, जिथे पाणी गळ्याएवढं आहे. हात ओला होता. मी वर बघितलं नाही, फक्त अंगठा दिसला. त्याला नख नव्हतं. कोणी पाहुणा पोहून आला असेल असं वाटलं आणि मी ताटावर ताट ठेवलं.

पूर्वाला मी विचारलं, अजून काय म्हणाले? ती म्हणाली, ते पाण्याकडे बघत उभे होते, आणि म्हणाले, "बघया, परत येतत काय." बोट वळलेली दिसली तेव्हा ते हसले, असं ती सांगते. मग ती आमच्याकडे बघायला लागली आणि नंतर ते तिथे नव्हते.

तेव्हापासून मला बोटीच्या मागच्या बाजूला पाठ करून उभं राहवत नाही. शिडी धुताना डोळे मिटतो. मला भीती वाटते, आणि त्याहून वाईट म्हणजे मला त्या हाताची आठवण येते. बाबांचा मला चेहराही आठवत नाही, फोटोत आहे तेवढाच. मग ही आठवण कसली?

तू काय लपवते आहेस ते लिही. गुडघे नकोत, फणस नको.

स्वरूप


विजयदुर्ग
१८ फेब्रुवारी २०२५

चि. स्वरूप यास आशीर्वाद.

तुझी मधली दोन्ही पत्रं मिळाली. रागाचं मिळालं आणि माफी मागितलेलंही मिळालं. मी आजारी नव्हते. रोज कागद घेऊन बसत होते आणि रोज त्यावर वाळवण घालत होते.

तुझ्या बाबाच्या उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. नांगराच्या साखळीत गेलं होतं, तू जन्मायच्या आधी. फोटोत तो हात मागे आहे, म्हणून तुला ठाऊक असायचं कारण नाही. तेवढं वाचून मी चुलीपुढे बसून राहिले. भात लागला.

तुला लहानपणापासून सांगितलं की वादळात तुझा बाबा, तानाजी, गलबतावरून पडला. तसं झालं नाही. तुझे आतोबा तांडेल होते, तानाजी त्यांच्या हाताखाली. तुझी आई तेव्हा नुकतीच गेली होती आणि तू माझ्या मांडीवर होतास. कांदा घेऊन मस्कतला निघाले होते. वारा फिरला म्हणून त्या सुळक्याच्या आडोशाला गलबत घातलं. वाळूवर चूल मांडली, जेवले. प्यायचं पाणी खराब झालं होतं, म्हणून तानाजी कळशी घेऊन वर डोंगरात गोडं पाणी मिळतं का बघायला गेला. जाताना आपलं ताट तिथेच ठेवून गेला.

वारा पडला तशी निघायची घाई झाली. त्या किनाऱ्याला लागायचे कागद त्यांच्याकडे नव्हते, गस्तीची बोट लांबून दिसत होती. ह्यांनी ताटं मोजली. कोणीतरी तानाजीचं ताटही आपल्या ताटाखाली धरून आणलं होतं. ताटं बरोबर भरली.

संध्याकाळी त्याच्या पाळीला हाक मारली तेव्हा कळलं. मागे वळायचं की नाही यावर गलबतावर भांडण झालं. ह्यांनी वळवलं नाही. कागद नव्हते, माल दुसऱ्याचा होता, वारा पुन्हा उलटा होता, तो वाटेने वर चढून कोणत्या तरी गावात पोचेल असं वाटलं, अशी पुष्कळ कारणं ह्यांनी मला पुढे सांगितली. सगळी खरी असतील. पण वळवलं नाही हे त्याहून खरं आहे.

पुढच्या खेपेला ते तिथे गेले. माणूस नव्हता. सुळक्याखाली, वाळूला लागून कळशी ठेवलेली होती. पाण्याने भरलेली. वर पसाभर पानं झाकली होती, कचरा पडू नये म्हणून.

हे आजारी पडले तेव्हा शेवटच्या महिन्यात मला हे कळलं, दोन शिंगांच्या सुळक्यासकट. ताटं भरूनही पोर मागे राहिली हे तुझ्या पत्रात वाचलं तेव्हाच मी ती जागा ओळखली. त्याआधी मलाही वादळच सांगितलं होतं. तोवर मी वर्षानुवर्षं बघत होते की हे होडीवर एक ताट जास्त वाढतात आणि मला वाटायचं, दर्याचा मान असेल. तुला त्यांनी तोच रिवाज म्हणून शिकवला. तू मन लावून शिकलास, आणि ती मोजायची चुकीची रीतही त्याच्याबरोबर घेऊन गेलास.

म्हणून मी कार्याला हो म्हणत नव्हते. जो जिवंत मागे राहिला, जो पाणी घेऊन परत आला, त्याला मी पानांचा करून जाळू कशी? तो कुठेतरी असेल, कोणाच्या खजुराच्या बागेत कामाला लागला असेल, घरचा राग धरून बसला असेल, असं मी मनाशी धरलं होतं. तू मस्कतची नोकरी धरलीस तेव्हा सगळे नको म्हणाले. मी एकटीच जा म्हटलं. मला वाटलं, रुवीच्या एखाद्या दुकानात तुला तो भेटेल. इतकी मी वेडी.

आता कळलं की तो कुठे आहे. तिथेच आहे. आणि होडी मागे वळते का, एवढंच बघत उभा आहे.

तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून वाचलं. तुम्ही बर्फाची पेटी पाण्यात टाकून वळलात. नोकरीचा विचार केला नाहीत. ते त्याने बघितलं. मला रडू आलं ते तिथे आलं.

ती कळशी आपल्या परसात आहे. तू लहानपणापासून तिच्यातलंच पाणी प्यायलास. मी ती रोज घासते. आतोबांना माफ कर असं मी म्हणणार नाही. तो माझा भाऊ होता आणि हा माझा नवरा होता, दोघांच्याही मधे मी उभी आहे आणि मला हलता येत नाही. तुला जे योग्य वाटेल ते कर. पण जाशील तर रिकाम्या हाताने जा. ताट नेऊ नकोस. त्याला जेवण नको असेल, रे. जेवून तर तो गेला होता.

तुझी आते


माबेला
१ मार्च २०२५

ती. आतेस साष्टांग नमस्कार.

काल जाऊन आलो.

अम्मारला मी सगळं सांगितलं होतं. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नाखवे. तो हसेल असं वाटलं होतं. पण त्याने ऐकून घेतलं आणि आपल्या हिंदीत म्हणाला, "मेरा दादा बोलता था, आदमी छूटा तो नाखुदा का खाना बंद, जब तक वापस नहीं जाता." आणि काल एका कुटुंबाला फिरवायचं होतं, तर कोणी न विचारता त्याने दोन शिंगांच्या सुळक्याखाली नांगर टाकला.

जेवण वाढलं. दगडावर काही ठेवलं नाही. पाहुणे पोहायला गेले तेव्हा मी डोंगरात वर गेलो. फार नाही, दोन वळणं. कातळाच्या फटीत ओंजळभर पाणी होतं, शेजारी खुरटी झाडं. चाखलं. गोडं आहे, आते. एवढ्याशा पाण्यातून कळशी भरायला किती वेळ लागला असेल ते तिथे बसल्यावर कळतं. वरून खाडीचा वळसा दिसतो. निघालेलं गलबत बाबांना नीट दिसलं असणार. तिथे मी मोठ्याने रडलो आणि आतोबांना शिव्या दिल्या. त्यांना मी माफ केलेलं नाही, पुढे कधी जमलं तर सांगेन. तुझ्यावर माझा राग नाही.

निघताना ताटं आधीच गोळा करून पेटीत बंद केली. मग एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजलं. एक, दोन, असं मराठीत, मोठ्याने. लहान मुलांना गंमत वाटली, ती माझ्याबरोबर म्हणायला लागली. शेवटचा माणूस झाला. मी मागच्या शिडीकडे तोंड केलं. भीती वाटत होती, तरी या वेळी डोळे मिटले नाहीत. म्हटलं, "आणि बाबा." आणि आपल्या बोलीत म्हटलं, "चला, परत इलो आमी."

अम्मारने विचारलं, "थांबू?" मी म्हटलं, थांब. इंजिन चालू ठेवून तो थांबला. पाहुण्यांना वाटलं काही तरी दुरुस्ती असेल. शिडी वाजली का, तर वाजली, पण लाटेने शिडी वाजतेच. मी शपथेवर काही सांगणार नाही. परत येताना मी पूर्ण वाट मागच्या बाजूला पाठ करून उभा होतो आणि मला काही वाटलं नाही.

आता ऐक. आपली बोट हलकी आहे. माणूस उतरला की ती थोडी वर येते, पायाला कळतं. काल धक्क्याला पाहुणे एक एक करून उतरले, बोट थोडी थोडी वर आली. अम्मार दोरी बांधायला उतरला, वर आली. आत मी एकटा उरलो. मी पेटीजवळ उभा होतो, हललोही नव्हतो. पाणी अगदी शांत होतं.

बोट अजून एकदा वर आली.

अम्मारने धक्क्यावरून माझ्याकडे बघितलं. दोरी त्याच्याच हातात होती, त्यालाही कळलं. तो बाजूला झाला, कोणाला तरी वाट द्यावी तसा.

मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी घेऊन येतो. भटजींना सांग आणि पळसाची पानं आणून ठेव. अग्नी मी देईन. कळशी घासू नकोस, मी आल्यावर घासेन. बाबांना शेवटचं पाणी तिच्यातूनच द्यायचं आहे. आणि शिवांगीच्या बाबांना कळव.

मी येईपर्यंत दार लावताना नवी कडी घालू नकोस. बाबा माझ्या आधी पोचतील.

तुझा,
स्वरूप